तोंड बांधलेली घंटा

भाऊंच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं नख बाकीच्या नखांपेक्षा लांब असायचं. पितळेची किंवा काशाची कोणतीही वस्तू हाती आली की ते तिला दोरा बांधत, कानाजवळ लोंबती धरत, डोळे मिटत आणि त्या नखाने टिचकी मारत. वस्तू घुमली तर डोळे न उघडताच हसत. नुसतं थप्प झालं तर ती भट्टीजवळच्या ढिगात फेकत आणि म्हणत, "बोललं ते ठेवाचं, मुकं ते मुशीत."

मूस म्हणजे धातू वितळवायचं भांडं. भाऊंचा मूलला, गावाबाहेरच्या रस्त्याला, टिनाच्या शेडमध्ये ओतकामाचा लहानसा कारखाना होता. आमचा भाग धानाचा, म्हणून गिरण्या पुष्कळ. गिरणीचा शाफ्ट ज्या कड्यात फिरतो त्या कड्याला बुश म्हणतात. ते झिजतं, बदलावं लागतं. भाऊ ते बुश ओतायचे. एक भट्टी, एक जुनी लेथ, ओतकाम करणारा एक मिस्त्री आणि लिहायला-वाचायला मी, एवढाच सगळा पसारा.

माझे वडील गिरणीत पोती वाहायचे. आमच्या घरात पहिला बी.ए. मी झालो आणि झाल्यावर वर्षभर घरीच बसलो. भाऊंकडे काम मागायला गेलो तेव्हा त्यांनी सर्टिफिकेटकडे पाहिलंच नाही. दोन वाट्या पुढे ठेवल्या. "यातली फुटकी कोणती, सांग." मी दोन्ही वाजवून पाहिल्या आणि चुकीची उचलली.

"बी.ए. झाला ना बे?"

"हो जी."

"मंग कान बी होतीन. उद्यापासून ये."

मी पुढे नोकरीला लागलो, चार माणसांत बसायला शिकलो, त्याची सुरुवात त्या दोन वाट्यांपासून आहे. हे मी कधी विसरलो नाही.

भाऊंचे वडील बैलगाडीत नवी भांडी भरून बाजारोबाजार हिंडायचे. लोक घरातली जुनी, फुटकी भांडी द्यायचे आणि त्या बदल्यात नवं घ्यायचे. त्या जुन्या मालाला आमच्याकडे मोड म्हणतात. लहानपणी त्या गाडीत मोडीच्या ढिगावर झोपूनच आपला कान तयार झाला, असं भाऊ सांगायचे. कारखाना टाकल्यावरही मोड येतच राहिली, आता भंगारवाल्यांच्या पोत्यांतून. त्यात कधी हत्तीच्या पाठीवरचा दिवा निघायचा, कधी जुनी मापं, कधी बैलाच्या गळ्यातली घंटा, कधी मेणाचा साचा करून ओतलेला, आखूड पायांचा एखादा घोडा. बोललेली प्रत्येक वस्तू भाऊ घरी नेत. घरात एक काचेचं कपाट होतं. नवी लुगडी ठेवायला म्हणून भाऊंच्या बायकोने, वहिनींनी, ते करून घेतलं होतं. त्यात लुगडी कधी गेलीच नाहीत.

"या माणसाच्या पायी मी लग्नाले जाणं सोडलं," वहिनी सांगायच्या. "पंगतीत बसला की ताट वाजवते. वाढणारा म्हणते, का जी, काही पाह्यजे का? हा म्हणते, नाई, ताट फुटकं आहे तुमचं."

नागपूरहून एकदा गाडी घेऊन एक गृहस्थ आले होते. कपाट पाहून म्हणाले, "भाऊसाहेब, अँटिक आहे हे सगळं. बोला, काय घ्याल?" भाऊंनी विचारलं, "तुमच्या घरी याले वाजवन कोण?" ते हसले. "वाजवायचं कशाला? शोकेसमध्ये ठेवायचं." भाऊंनी कपाटाचं दार लावलं. तुमच्याही गावात असा एखादा माणूस असेल, धंद्यात साधा आणि एकाच गोष्टीत हट्टी. लोक त्याला हसतात, पण त्याच्याबद्दल वाईट बोलत नाहीत. भाऊंचं तसंच होतं.

गडचिरोली नुकताच वेगळा जिल्हा झाला होता, तेव्हाची गोष्ट. धानाचा हंगाम तोंडावर होता. एका मोठ्या गिरणीचे बुश द्यायचे होते आणि धातू कमी पडत होता. सकाळीच भंगारवाल्याने सायकलवरून पोतं आणून टाकलं. भाऊ एकेक वस्तू काढून वाजवू लागले. मधेच एक काळाकुट्ट गोळा हाती आला. घंटेचा आकार कळत होता, पण आत काहीतरी गच्च भरून वाळलं होतं. भाऊंनी टिचकी मारली. थप्प. परत मारली. थप्प.

"मुकं," म्हणाले आणि मुशीत टाकलं.

थोड्या वेळात मुशीतून पिवळा, जाड धूर निघाला. मेण, राळ आणि हळद यांचा मिळून एक वास शेडभर झाला. मिस्त्री सांडशी खाली ठेवून म्हणाला, "भाऊ, देव्हारा जळल्यावानी वास येऊन राह्यला."

"कोणीतरी मेणानं डागलं असन. तू पंखा चालू ठेव."

वर आलेली राख मिस्त्रीने काढून टाकली. भाऊंनी मापाने शिसं घातलं. बुशात शिसं लागतं, नाहीतर ते शाफ्टाला खातं. दुपारपर्यंत बुश ओतून झाले. संध्याकाळी गिरणीचा माणूस घेऊन गेला.

दिवाळीनंतर एका बाजाराच्या दिवशी एक म्हातारा गोंड गृहस्थ फाटकाशी येऊन बसला. बोलवेपर्यंत आत आला नाही. कुरखेड्याच्या पलीकडच्या जंगलातल्या एका गावचा तो भुमिया होता. भुमिया म्हणजे गावाच्या देवाचं सगळं करणारा माणूस. देवाच्या झोपडीत टांगलेलं गाठोडं कोणीतरी चोरून नेलं होतं. पत्ता काढत काढत तो भंगारवाल्यांपर्यंत आला होता आणि त्यांनी त्याला भाऊंकडे पाठवलं होतं. इथला माणूस जुन्या वस्तू सांभाळून ठेवतो, असं त्यांनी सांगितलं होतं.

"कशी होती घंटा?" भाऊंनी विचारलं.

म्हाताऱ्याने मूठ दाखवली. "एवढी. तोंड बांधलेली."

"तोंड बांधलेली म्हणजे?"

"फडकं भरतो आत. वरून मेन, राळ, हळद. करसाडाले तोंड सोडतो. बाकीच्या दिवसात देवानं बोलाचं नाई."

करसाड म्हणजे त्यांच्या देवाचा मोठा सण. मी भाऊंकडे पाहिलं. भाऊंनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते आपल्या नखाकडे पाहत होते.

म्हातारा सांगत राहिला. त्याचा तरणा मुलगा उन्हाळ्यात झाड अंगावर पडून गेला होता. त्यांच्यात माणूस मेला की लगेच घरच्या पूर्वजांत जात नाही. करसाडाला ती घंटा वाजते, तेव्हा त्याला देवात मिळवतात. मग तो घरात येतो. तोपर्यंत तो वाटेवर असतो.

"त्याची माय रोज दाराबाहेर भात ठेवते," म्हातारा म्हणाला. "आत ठेवता येत नाई. घंटा नाई वाजली त तो बाहेरच राहीन."

भाऊ म्हणाले, "पाहतो मी."

तो गेल्यावर मी भाऊंना समजवायला गेलो. आमच्या घरी देव नव्हते. माझ्या वडिलांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हाच ते सगळं सोडलं होतं आणि मीही तेच वाचत मोठा झालो होतो. मी म्हणालो, "भाऊ, तुम्ही जाणूनबुजून तर केलं नाही. आणि मेलेला माणूस काही वाटेवर बसत नाही."

भाऊ रागावले नाहीत. "तुहा आजा कोणती काठी घेऊन चाले?"

"बांबूची."

"ती कोणी चुलीत घातली त तू म्हणशील का, की लाकूड जळलं?"

मी हिशेबाची वही ओढून घेतली.

म्हातारा दर बाजाराला येऊ लागला. चिंच किंवा मोहफुलं विकायला आणायचा, विकून झालं की फाटकाशी बसायचा. "सापडला का जी?" एवढंच विचारायचा. भाऊ म्हणायचे, "शोधून राह्यलो." असे कितीतरी बाजार गेले. भाऊंचं जेवण कमी झालं. लेथवर उभे राहिले की मधेच थांबायचे. शेवटी एका बाजाराला त्यांनी म्हाताऱ्याला घरी नेलं, काचेचं कपाट सताड उघडलं आणि म्हणाले, "बाबा, यातलं कोणतंही घ्या. सगळं घ्या."

म्हातारा कपाटासमोर उभा राहिला. एकाही वस्तूला त्याने हात लावला नाही. "दुसऱ्याच्या बापाले मी बाप कसा म्हणू?" तो म्हणाला. मग खालपासून वरपर्यंत सगळ्या कप्प्यांवरून त्याची नजर फिरली आणि त्याने अगदी सरळपणे विचारलं, "एवढे गाव देवावाचून उपाशी आहेत का जी?"

भाऊ भिंतीला टेकून खाली बसले. त्यांच्या आयुष्याची सगळी हौस त्या कपाटात होती. आपण या वस्तू वाचवल्या, अशीच त्यांची समजूत होती. त्या कुठून तरी गेल्या असतील, कोणीतरी त्यांना शोधत असेल, हे त्यांच्या मनात कधी आलंच नव्हतं. वहिनींनी पाणी आणून दिलं. ते त्यांनी प्यायलं नाही. उठले, म्हाताऱ्याला घेऊन शेडमध्ये आले आणि विझलेल्या भट्टीकडे बोट दाखवून म्हणाले, "इथं. माह्या हातानं. मले मुकं वाटलं."

मला वाटलं, म्हातारा ओरडेल किंवा शिव्या देईल. त्याने भट्टीत वाकून पाहिलं. राखेत हात घातला. मग विचारलं, "मंग कुठी गेला?"

"बुशात. गिरणीत."

"म्हणजे आहे."

"आहे," भाऊ म्हणाले.

दोघं तसेच गिरणीत गेले. मागोमाग मी. हंगाम जोरात होता, शाफ्ट फिरत होता, कोंड्याने सगळं धूसर झालं होतं. गिरणीचा मालक ऐकून आधी हसला. "काय भाऊ, आता बुशाची आरती कराची का?" भाऊंनी हात जोडले, तसा तो ओशाळला. पण हंगामात गिरणी बंद करायला तो तयार नव्हता, आणि त्याचंही चुकत नव्हतं. गावोगावच्या गाड्या दारात उभ्या होत्या. "होळी होऊ द्या. मंग घेऊन जा," म्हणाला. म्हातारा शाफ्टाजवळच्या भिंतीशी उकिडवा बसला. त्या आवाजात काहीच ऐकू येण्यासारखं नव्हतं. तरी तो कान देऊन बसला होता. पुढे बाजाराला आला की कारखान्यात यायच्या आधी तो तिथे बसून यायचा. हमालांना सवय झाली. माझे वडील त्याला चहा द्यायचे.

होळीनंतर बुश निघाले. हंगामभर फिरून पार झिजले होते, नुसत्या पातळ कड्या उरल्या होत्या. झिजलेला धातू तेलात आणि कोंड्यात जाऊन केव्हाच बाहेर पडला होता. भाऊंनी ते फडक्यात बांधून आणले. घंटेचा साचा त्यांनी स्वतः केला, मिस्त्रीला हात लावू दिला नाही. म्हातारा शेजारी बसून आकार सांगत होता, "इथी बारीक. इथी पोट." धातू कमी आहे, थोडं नवं काशं घालू का, असं भाऊंनी विचारलं. म्हातारा म्हणाला, "आणखी दुसरं नको."

पहिली घंटा निघाली ती लिंबाएवढी. भाऊंनी दोरा बांधला, कानाशी धरली आणि डोळे मिटले. मी त्यांच्याकडे पाहत होतो.

थप्प.

शिशाने घात केला होता. काशात शिसं मिसळलं की ते घुमत नाही आणि मिसळलेलं शिसं आमच्यासारख्या भट्टीत वेगळं काढता येत नाही. भाऊंना हे माहीत होतं. तरी त्यांनी ती घंटा परत मुशीत टाकली. दरवेळी वितळवलं की थोडा धातू जळून जातो. दुसरी घंटा आणखी लहान झाली. थप्प. तिसऱ्यांदा त्यांनी सांडशी उचलली तेव्हा म्हाताऱ्याने त्यांचा हात धरला.

"आता पुरे जी. नाईतर तो सरून जाईन."

त्याने ती मुकी घंटा धोतराच्या सोग्यात बांधली आणि गेला. भाऊ फाटकात उभे राहिले, तो दिसेनासा होईपर्यंत. मग शेडमध्ये येऊन त्यांनी लेथजवळची कानस घेतली आणि ते लांब नख घासून टाकलं.

पावसाळ्यात म्हातारा तापाने गेला. बाजाराला आलेल्या त्याच्या गावच्या लोकांकडून कळलं. घंटा वाजायची राहिली होती, म्हणजे आता वाटेवर दोघं झाले होते.

करसाडाला भाऊ गेले. मी सोबत होतो. बसने गेलो, पुढे जंगलातून बरंच चाललो. भाऊंना खोकला लागला होता, दर थोड्या वेळाने झाडाला धरून उभे राहत. गावात आम्हाला कोणी या म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. एक तरुण मात्र समोर येऊन उभा राहिला. "हाच का तो कारखानेवाला?" भाऊ म्हणाले, "हो." तो थुंकला आणि बाजूला झाला.

नव्या भुमियाने सगळ्यांसमोर घंटेचं मेण खरवडलं, फडकं ओढून काढलं. ढोल थांबले. एवढी माणसं होती, पण लहान मूलही आवाज करत नव्हतं. त्याने घंटा हलवली. पुन्हा हलवली. मग जोरात हलवली. पहिल्या रांगेत बसलेल्या म्हातारीकडे, मुलाच्या आईकडे, सगळे पाहत होते. ती घंटेकडे पाहत होती.

म्हातारी माणसं गोंडीत आपसात बोलली. ते आम्हाला कळलं नाही, पण कळायचं काही राहिलंही नव्हतं. भुमियाने नवं फडकं मागवलं आणि घंटेचं तोंड परत बांधलं.

म्हातारीने आम्हाला सावलीत नेऊन आंबील दिली. भाऊंनी आंबील तशीच खाली ठेवली. ते म्हणाले, "बाई, माह्यानं नाई झालं."

ती म्हणाली, "वितळून आला तो. थकला असन. झोपू दे."

आम्ही परत आलो. पुढच्या बाजारापासून भाऊंनी कपाटातल्या सगळ्या वस्तू कारखान्याच्या फाटकाला टांगायला सुरुवात केली. सकाळी टांगायच्या, संध्याकाळी उतरवायच्या. ज्याला ओळख पटेल त्याने घेऊन जावं. लोक बघत उभे राहायचे. काहींनी खोटंच आपलं म्हणून नेलं, हे मला दिसत होतं. मी तसं म्हणालो तर भाऊ म्हणाले, "नेऊ दे." पण एकदा एक बाई आखूड पायांच्या त्या घोड्यासमोर येऊन अशी रडली की बाजाराचा रस्ता थांबला. तिने घोडा पदरात घेतला. भाऊ आत जाऊन मिस्त्रीला म्हणाले, "एक गेला."

कारखान्याचं मात्र मातेरं झालं. मोडीचं पोतं आलं की भाऊ त्यातलं काहीच मुशीत टाकायला धजेनात. प्रत्येक वस्तू उलटीपालटी करत, आत बोट घालून पाहत आणि बाजूला ठेवत. बुश वेळेवर जाईनात. गिरण्यांनी दुसरीकडून घ्यायला सुरुवात केली. मला घुग्घुसला शाळेत नोकरी लागली तेव्हा सांगायला गेलो. भाऊ भट्टीजवळ खाटेवर बसले होते, खोकत. मी वाकलो तर म्हणाले, "कान झाले का रे तुहे?"

"थोडे झाले जी."

"माह्या कानाचं काय झालं, पाह्यलं ना?"

आमचं हे शेवटचं बोलणं. भट्टीच्या धुराने छाती खाल्ली होती. चंद्रपूरच्या दवाखान्यात नेलं, पण उपयोग झाला नाही.

तेरवीला मी घुग्घुसहून आलो. जेवण कारखान्यातच ठेवलं होतं. बाजाराचा दिवस होता. वहिनींनी सवयीने उरलेल्या वस्तू फाटकाला टांगल्या होत्या. त्यांच्याखाली ती गोंड म्हातारी उभी होती, डोक्यावर मोहफुलांची टोपली घेऊन. तिने भाऊंबद्दल विचारलं. वहिनींनी सांगितलं. तिने टोपली खाली ठेवली आणि खाली बसली.

"आत या जी बाई," वहिनी म्हणाल्या. "जेवून जा."

"आत नाई." तिने कमरेची शिदोरी सोडली. त्यात तिच्या दुपारच्या जेवणाचा भात होता. पानाचा द्रोण करून तो सगळा भात त्यात ठेवला आणि द्रोण शेडच्या उंबऱ्याबाहेर, जमीन हाताने साफ करून, मांडला. "वाटेवरच असन अजून. आमचे दोघं आहेत तिथी. सोबत होईन."

टोपली डोक्यावर घेऊन ती बाजाराकडे गेली.

वहिनींनी तो द्रोण उचलला नाही. शेडचं दार त्यांनी दिवसभर उघडंच ठेवलं. संध्याकाळी मी निघालो तेव्हा भात वाळून गेला होता. मी पायातल्या चपला काढल्या आणि द्रोणाला धक्का लागणार नाही असा, बाजूने बाहेर आलो.